दीड डोळा

दिगंबर कोठेकरांनी त्या दिवशी सकाळी स्वतःच्या बायकोला नमस्कार केला.

बायकोपुढे हात टेकलेले नवरे पेणमध्ये गल्लीला दोन सापडतील. पण हे प्रकरण निराळं होतं. दिगंबर खुर्चीतून उठले, पायातल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या, डोळे मिटले आणि चक्क वाकले. कुंदा समोर पेजेची वाटी घेऊन बसली होती. भरवायला उचललेला चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

"अहो, हे काय चाललंय? पेज निवतेय."

"आधी तुला नैवेद्य," दिगंबर हळू आवाजात म्हणाले. "मग आम्ही."

"मी कोण वाटले तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडून तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. चेहऱ्यावर भक्तिभाव होता आणि थोडी भीतीही. "असं विचारतात होय? जन्म गेला तुझे मुखवटे करण्यात. गौराई ना तू?"

कुंदा हसली. हसण्यावारी न्यायची सवयच होती तिला. विसरण्याचा आजार त्यांच्या मागे लागून तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत त्यांनी मुलीला आत्या म्हटलं होतं, बातम्या सांगणाऱ्या बाईला उठून चहा विचारला होता, स्वतःच्या फोटोला 'कोण हा गृहस्थ?' म्हणून झालं होतं. पण बायकोच्या बाबतीत एकदाही चूक नाही. गाव विसरले, भाऊ विसरले, आपण जेवलो की नाही ते विसरले, पण कुंदा दारात आली की मान वर न करता म्हणायचे, "आलीस, दीडे?" त्या एका हाकेवर ती तीन वर्षं तगली होती. कालच ते मुलीकडून महिन्याभराने घरी आले होते आणि आल्यापासून ती हाक आली नव्हती. तिला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

'दीडे' या नावाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलेलं आहे.

कुंदाची डावी पापणी जन्मापासून पडलेली. पापणी वर ओढणारा स्नायू तिच्या आईच्या पोटातच कमजोर राहिला होता. उजवा डोळा चांगला टपोरा आणि डावा सदा अर्धा मिटलेला. बघायला आलेल्या तीन ठिकाणच्या लोकांनी 'कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही. चौथ्या खेपेला दिगंबर आले. आईने बजावलं होतं, मान खाली घालून बस. ती तशी बसली, तर हा मूर्तिकाराचा मुलगा सगळ्यांदेखत म्हणाला, "जरा वर बघता का?" तिने बघितलं. "दीड डोळा," तो म्हणाला. बैठक गार पडली. मग तोच हसून म्हणाला, "बरंच आहे की. संसारात अर्धा डोळा मिटलेलाच लागतो. दोन्ही सताड उघडे ठेवले तर महिनाभर निभायचा नाही." लग्न तिथल्या तिथे ठरलं. तेव्हापासून ती दीडी, आणि भांडण झालं की दीडशहाणी.

तिला आखणी शिकवली सासऱ्यांनी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. रंगकाम सगळं उरकलं की ती शेवटी करायची. आता मूर्ती घडवायला यंत्रं आली आहेत. शाडूच्या थरावर थर चढवत ती आपली गुरगुरत उभी असतात, रंगही फवाऱ्याने बसतो. पण यंत्राने आखलेले डोळे गिऱ्हाइकाच्या गळी उतरेनात. 'देव आपल्याकडे बघतच नाही' म्हणत लोक मूर्ती परत आणून ठेवायचे. म्हणून यंत्रांच्या राज्यात आखणीवाल्यांची पाच-सात घरं टिकून राहिली होती आणि गौरीच्या मुखवट्यांत कुंदाच्या हाताला तोड नव्हती. सासऱ्यांचा नियम एकच. वरच्या पापणीची रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एका दमात ओढायची आणि ओढताना आपलं पातं लववायचं नाही. "देवाचं पातं लवत नाही, माणसाचं लवतं," ते म्हणायचे. "तुझं लवलं की रेघ हलली, आणि रेघ हलली की देवाचा माणूस झाला." दिगंबर हे वाक्य पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते.

साठी आली तशी कुंदाची पापणी आणखी खाली आली. बाहुली झाकायला लागली. हनुवटी वर करून, मान मोडून ती काम रेटायची. एका हंगामात दोन मुखवटे परत आले. एक डोळा चढा, एक उतरता. ते दोन मुखवटे तिने माळ्यावर ठेवले. तेव्हा मृण्मयीने, म्हणजे तिच्या मुलीने, पनवेलच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉ. फरझाना मुकादम बोलायला मोकळ्या होत्या. "पूर्वी आम्ही स्नायू नुसता आखडून घ्यायचो," त्यांनी सांगितलं. "पापणी वर यायची, पण मग नीट मिटायची नाही. डोळा उघडा राहिला की बुबुळ कोरडं पडतं. बुबुळ काचेसारखं दिसतं, पण जिवंत आहे ते. चार-पाच सेकंदांनी पापणी त्याच्यावरून ओला हात फिरवते, म्हणून ते टिकतं. उचलायचं सोपं, मावशी. मिटायचं शिकवणं कठीण."

त्यावरचा नवा उपाय म्हणजे शिकाऊ पट्टी. कागदाहून पातळ, मऊ, पापणीच्या आत स्नायूच्या जागी बसवायची. तिच्यात बॅटरी नाही की संगणक नाही. विजेचा बारीकसा इशारा मिळाला की ती आखडते, इशारा थांबला की सैल पडते, आणि हे इशारे तिला डोळा फिरवणाऱ्या स्नायूंकडून मिळतात. पहिले एकवीस दिवस पापणी कपाळाच्या जोरावर कशीबशी चालते आणि पट्टी नुसती शिकत असते. डोळा अमुक तऱ्हेने फिरला तेव्हा माणसाने पापणी उचलली की पाडली, याच्या वाटा तिच्या अंगात पडत जातात. एकवीस दिवसांनी त्या वाटा घट्ट होतात आणि पापणी आपली आपण लवायला लागते.

"म्हणजे शाडूसारखं," कुंदा म्हणाली.

"शाडू पाण्यात टाकला की पुन्हा माती होतो ना? हे तुमच्या जुन्या प्लास्टरसारखं. एकदा धरलं की धरलं."

प्लास्टरवर बंदी येऊन जमाना झाला होता, पण ते कसं धरतं हे कुंदाला वेगळं सांगायला नको होतं. पट्ट्या दोन्ही पापण्यांना बसवायच्या ठरल्या. मेंदू दोन्ही पापण्यांना एकच हुकूम सोडतो. एक आपोआप उचलली जायला लागली की मेंदू हात आखडता घेतो आणि मग दुसरी, चांगली पापणी उतरते. म्हणून उजव्या डोळ्याला तोल साधायला एक हलकी पट्टी.

निघताना डॉक्टरांनी बजावलं, "एकवीस दिवस जड काम नाही. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, नेहमी जसं बघता तसंच बघा. पट्टीला तुमचं नेहमीचं बघणं शिकू दे."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते कुंदाने तंतोतंत पाळलं आणि तिथेच घात झाला.

आषाढ लागला होता. कारखान्यात गौरीचे मुखवटे रांगेने लावून ठेवलेले. दिगंबरांना मृण्मयीने पनवेलला नेलं होतं, आईला आराम मिळावा म्हणून. कुंदाने बादली उचलली नाही. वाकली नाही, मुखवटा उंच पाटावर, डोळ्यांसमोर ठेवून घेतला. रेघ ओढणं हे जड काम आहे असं पेणमध्ये कोणी म्हणणार नाही. आणि नेहमीसारखं बघायचं तर तिचं नेहमीचं बघणं हेच होतं. समोर चेहरा, हातभर अंतर, श्वास रोखलेला, पातं स्थिर. दिवसाला चाळीस मुखवटे तिने आखले. घरात दुसरं माणूस नव्हतं. एकवीस दिवस तिने जवळून जे चेहरे बघितले ते सगळे देवीचे होते.

बाविसाव्या दिवशी पापण्या आपल्या आपण चालायला लागल्या. कुंदा आरशापाशी गेली नाही, लाज वाटली. ती थेट कारखान्यात गेली आणि एक रेघ ओढली. तशी रेघ तिच्या हातून तिशीतही उतरली नव्हती. आनंदाने तिला रडू फुटलं. आता हे आले की त्यांना दाखवू, असं तिने ठरवलं.

आणि ते आले ते असे, हात जोडून.

आठवड्याभरात तिचे डोळे लाल झाले. रंगाची भुकटी गेली असेल म्हणून तिने पाण्याचे हबके मारले. भरवून उठली की डोळ्यांत वाळू घातल्यासारखं व्हायचं. शेवटी मृण्मयी तिला ओढतच पनवेलला घेऊन गेली.

डॉक्टरांनी तिला भिंतीकडे बघायला सांगितलं. पापण्या व्यवस्थित लवत होत्या. खिडकीबाहेर, पेपरात, हाताच्या रेषांत, सगळीकडे छान. "आता माझ्याकडे बघा," म्हणत डॉक्टर हातभर अंतरावर आल्या. दहा सेकंद गेले. वीस गेले. मिनिट झालं. कुंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पापणी जागची हलली नाही.

"मावशी," डॉक्टर मागे सरकून बसल्या, "त्या एकवीस दिवसांत तुम्ही काय बघत होता?"

कुंदाने सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, रागाने नव्हे.

"चेहरा बघताना आपले डोळे एका ठरावीक वाटेने फिरतात," त्या म्हणाल्या. "हा डोळा, तो डोळा, मग ओठ, पुन्हा डोळा. त्रिकोण असतो तो. पट्टीला दिसत काही नाही, पण डोळा त्या त्रिकोणात फिरायला लागला की तिला कळतं. आठशे वेळा तुम्ही तिला शिकवलंत की अशा वेळी मिटायचं नाही. चूक माझी आहे. 'नेहमीसारखं' म्हणजे कसं, हे मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"मग आता?"

"बुबुळावर व्रण पडायला सुरुवात झालीय. डावीकडे जास्त. थेंब देते, मलम देते. पण औषध एकच, चेहऱ्याकडे जवळून बघायचं नाही. नजर काढली की पापणी मिटते. रेघेपुरतं मुखवट्याकडे आठ-दहा सेकंद बघितलं तर चालेल, तुमचं काम सुटणार नाही. माणसं तेवढी टाळा. नाहीतर बुबुळ पांढरं पडेल आणि मग डोळ्याचा काही उपयोग नाही."

"मला त्यांना भरवावं लागतं," कुंदा म्हणाली.

डॉक्टरांनी 'भिंतीकडे बघून भरवा' असं सांगितलं. करून बघितलेल्यालाच त्यातली मेख कळते. दिगंबर घास तोंडात धरून ठेवायचे. गिळला की नाही हे चेहरा बघितल्याशिवाय कळायचं नाही. दुसऱ्याच दिवशी भिंतीकडे बघता बघता चमचा हनुवटीवर गेला आणि तिसऱ्या दिवशी घास अडकून ते काळेनिळे झाले. त्यानंतर कुंदाने भिंतीकडे बघणं सोडून दिलं. मधेच नजर काढली तरी ते घास तसाच धरून बसायचे. चाळीस मिनिटं दुपारी, चाळीस मिनिटं संध्याकाळी, ती त्यांच्याकडे बघत राहायची आणि डोळ्यांतून पाणी गळत राहायचं.

"रडू नको, माय," दिगंबर म्हणायचे. "आमचं काय चुकलं असेल तर सांग."

पातं न लववता आपल्याकडे बघणारी बाई त्यांना देवी वाटत होती, यात त्यांचा तरी काय दोष? मूर्तिकाराच्या जातिवंत डोळ्याने जे ओळखायचं तेच ओळखलं होतं. ते तिच्यापुढे पाय सोडून बसत नसत. ती भांडी घासायला बसली की धावत येऊन हातातली काथ्याची जुडी काढून घेत. त्यांच्या शेजारची तिची गादी त्यांनी स्वतः उचलून देवघरापाशी नेऊन टाकली. चाळीस वर्षांची जागा तिच्या हातून अशी गेली आणि तीही मानाने गेली, म्हणून भांडायलाही कारण उरलं नाही.

एकदा तिने बोटाने डावी पापणी खाली धरून बघितली. "अहो, बघा ना. दीडी मी." दिगंबर घाबरले, म्हणाले, "डोळ्याला हात लावू नये, ओला असतो रंग." मग तिने डॉक्टरांकडची चिकटपट्टी लावून पापणी अर्धी पाडली आणि त्यांच्यासमोर बसली. त्यांनी एक नजर टाकली आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. "दुखावली! मूर्ती दुखावली! कोणी केलं हे?" टवका उडालेल्या मूर्तीला कारखान्यात दुखावली म्हणतात, आणि दुखावलेली मूर्ती पुजत नाहीत. त्यांना शांत करता करता संध्याकाळ झाली. कुंदाने चिकटपट्टी काढली ती पापणीच्या चार केसांसकट.

भाद्रपदात गौरी आल्या. मृण्मयी रजा काढून घरी आली होती. आवाहनाच्या दिवशी दिगंबरांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे, त्यांनी उंबऱ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली, एकही वाकडं नाही. पाटावर मुखवटा होता, पण ते बघत होते कुंदाकडे. दुसऱ्या दिवशी पुरणाचं ताट त्यांनी मुखवट्यासमोरून उचलून तिच्यापुढे आणून ठेवलं. मृण्मयीने तोंड फिरवलं आणि आत निघून गेली.

त्या दुपारी घर निवांत झालं तेव्हा दिगंबर कुंदाजवळ येऊन बसले. जमिनीवर, मांडी घालून.

"गौराई, एक मागायचंय."

"मागा."

"माझी बायको कुठं गेली गो? कोणी सांगत नाही मला. मेली असेल तर तसं सांग. सगळे लपवतात माझ्यापासून, मी विसरतो म्हणून. पण तिला नाही मी विसरलो. दीड डोळा होता तिला. असा." त्यांनी स्वतःची डावी पापणी बोटाने खाली ओढून दाखवली. अगदी तितकीच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. "कारखान्यात गेली असेल, तुझेच डोळे आखायला. पण किती दिवस? तिला घरी पाठव. नवस बोलतो तुला. तिला पाठव, मी पुन्हा तुझ्याकडे काही मागायचा नाही."

कुंदा त्यांच्यासमोर होती, हातभर अंतरावर. तिला डोळे मिटून घ्यायचे होते. मिटता येईनात. जिच्याकडे मागणं मागितलं जात होतं ती तीच होती, आणि मागितली जात होती तीही तीच. "पाठवते," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गौरी उठतात. दिगंबरांनी दहीभाताची शिदोरी स्वतः बांधली, कुंदाच्या हातात दिली आणि तिला दारापर्यंत पोचवायला आले. "राग मानू नको. तू घरात आहेस तोवर ती कारखान्यातून हलायची नाही. कामाला चिकटली की चिकटली. तू गेलीस की येईल. पुढच्या वर्षी ये." आणि त्यांनी हळूच दार लावून घेतलं. आपल्याच दाराबाहेर, हातात शिदोरी घेऊन कुंदा उभी राहिली. आतून मृण्मयी 'आई, थांब' म्हणत होती. कुंदाने खिडकीतून सांगितलं, "तू त्यांच्यापाशी राहा. मी पनवेलला जाऊन येते." पेणच्या एसटी स्टँडवर बाकावर बसून तिने तो दहीभात शीत न सांडता खाल्ला.

"पट्टी कापून काढा," तिने डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टरांनी समजावलं. उजवीकडची काढली तरी बिघडत नव्हतं, तिथला स्नायू शाबूत होता. डावीकडचा मात्र शस्त्रक्रियेत सोडवला होता. पट्टी काढली की ती पापणी पूर्ण पडणार, अर्धी नव्हे. मग एकच इलाज, पापणी बारीक दोऱ्याने कपाळाला टांगायची. सांगाल त्या उंचीवर राहील, पण कायमची तिथेच. ना वर ना खाली. खालचा उघडा भाग थेंबांनी आणि मलमाने ओला ठेवायचा.

"उंची मी सांगते," कुंदा म्हणाली. "पेन द्या."

टेबलावरच्या कागदावर तिने आपला डावा डोळा आखला. जन्मभर हजारो डोळे आखले, पण आपला कधी आखला नव्हता. आरसा मागितला नाही. तिच्या नवऱ्याने बोटाने पापणी ओढून दाखवली होती, ती रेघ तिच्या डोळ्यांपुढे होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात.

डॉक्टरांनी कागदावर मोजपट्टी धरून मोजलं. "ही रेघ बाहुलीवरून जातेय, मावशी. दोन मिलिमीटर वर घेऊ द्या. डाव्या डोळ्याने दिसत राहील, रेघ ओढता येईल तुम्हाला. एवढ्याशा फरकाने त्यांना काय कळणार आहे?"

"डॉक्टर, दोन मिलिमीटर म्हणजे आमच्यात दुसरी देवी होते."

"काम जाईल तुमचं. अंतराचा अंदाज दोन डोळ्यांशिवाय येत नाही."

"ठाऊक आहे," कुंदा म्हणाली. "चाळीस वर्षं दुसऱ्यांकडे बघतील असे डोळे केले. आता एक माझ्याकडे बघेल असा करायचाय. आखलंय तिथंच टाका घाला."

दहा दिवसांनी ती घरी आली. टाक्यांची सूज उतरली होती. डाव्या बुबुळावर तांदळाएवढा पांढरा डाग राहिला होता, पण तो पापणीआड जायचा. दुपारचे चार वाजले असतील. दिगंबर खुर्चीत बसून सपातांकडे बघत होते. चाहूल लागली तशी त्यांनी मान वर केली.

कुंदा दारातच थांबली. उजवी पापणी लवली. पुन्हा लवली.

"आलीस, दीडे?" दिगंबर म्हणाले. "किती गो उशीर? जीव टांगणीला लावलास."

तिने उंबऱ्यातच बसकण मारली आणि हुंदके देऊन रडली. त्यांनी उठून येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि कारखान्यातल्या माणसांनी तिला इतके दिवस ठेवून घेतल्याबद्दल त्यांना भरपूर शिव्या घातल्या. त्या रात्री देवघरापाशीची गादी परत आपल्या जागी आली. मृण्मयी दुसऱ्या दिवशी पनवेलला गेली, ती सगळ्या वाटेने आईला फोन करून एकच विचारत होती, "ओळखतायत ना अजून?" ओळखत होते. कुंदाने कारखान्यात जाऊन एकदा ब्रश हातात घेऊन बघितला. मुखवट्याला टेकायच्या आधीच तो टेकला असं तिला वाटलं, आणि टेकला तेव्हा गालावर. तिने ब्रश धुतला, उलटा करून डब्यात ठेवला आणि घरी येऊन पेज टाकली. वाईट वाटलं नाही असं नाही. पण घरातून हाक येत होती.

असे दहा-बारा दिवस सुखात गेले. मग एका दुपारी भरवताना दिगंबरांनी घास तोंडाशी आलेला मागे सारला.

"दीडे, ती बाई आता यायची नाही का गो?"

"कोणती बाई?"

"गौराई. तू नव्हतीस तेव्हा होती ती घरात. मला भरवायची. मी मेल्याने तिला घालवून दिली." त्यांनी वाटीही बाजूला केली. "तुझ्यासाठी घालवली. जाताना काही बोलली नाही. शिदोरी घेऊन गेली गुपचूप."

"देवीच ती. जाणारच."

"पण बघायची गो माझ्याकडे. पातं लववायची नाही. डोळे लाल व्हायचे, पाणी गळायचं, तरी बघायची. आपल्यासारख्याकडे कोण बघतं असं?" ते रडायला लागले होते. रडता रडता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, साधं विचारावं तसं विचारलं. "तू बघितलंस कधी?"

कुंदाच्या ओठावर आलं होतं. मीच ती, सांगावं. पण सांगितलं तर एक जाणार, आणि कोणती जाणार ते कोणाला ठाऊक? शिवाय आता दाखवायला ते डोळे होते कुठं?

"नाही हो," ती म्हणाली. "मला कामातून वेळ कुठं होता?"

"असू दे, असू दे." त्यांना एकदम तिची दया आली. त्यांनी तिचा हात थोपटला. "पुढच्या वर्षी येईल ती. तेव्हा तू कारखान्यात जाऊन बसू नको. दोघी एकदम घरात पाहिजेत मला. एकदा तरी."

"बरं," कुंदा म्हणाली. "आता आ करा."

त्यांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. पण नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे लागली होती.